पाच मिनिटं हात तिथेच

सकाळचे साडेपाच वाजलेत, मे महिना आहे, आणि धरमपेठेतल्या या गच्चीवर रात्री पाणी मारलं होतं तरी सिमेंट अजून कोमटच लागतंय. दुपारी पारा ४५ च्या वर जाईल. त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यात योग आणि रेकीचा हा वर्ग भरवायचा तर हीच वेळ, सात वाजले की सतरंज्या गुंडाळायच्या.

या आजी बघा, उजवीकडून दुसऱ्या. गुडघे दुखतात, मांडी घालता येत नाही, म्हणून खुर्चीवर बसून करतात. खुर्चीवर योग होतो का असं खूप जण विचारतात, तर होतो ना, पतंजलींनीच सांगून ठेवलंय, स्थिरसुखमासनम्, म्हणजे स्थिर आणि सुखानं बसता येईल ते आसन, पाय मानेवर टाका असं कुठेच म्हटलेलं नाही. आपल्या नागपूरला तर हे नवीन नकोच वाटायला. रामनगरला जनार्दनस्वामींचं योगाभ्यासी मंडळ आहे, स्वामींनी आयुष्यभर लोकांना फुकट योग शिकवला, आणि तिथे शिकलेलं कोणी ना कोणी तुमच्याही ओळखीत निघेल.

इथे शिकवणाऱ्या ताई एकच गोष्ट सारखी सांगत असतात, श्वास सोडताना घाई नको. ४ आकडे मोजत घ्यायचा, ६ मोजत सोडायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, हे आपल्या शरीरातच आहे, म्हणून सोडणं लांबवलं की अंग आपोआप सैल पडायला लागतं. मग खांदे वर, खाली, मान हळूच एका बाजूला, मग भिंतीला पाय टेकवून उताणं पडायचं (काचबिंदू किंवा बीपीचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करा). आणि उन्हाळ्यात शेवटी शीतली, जिभेची पन्हळ करून तोंडानं हवा आत ओढायची आणि नाकानं सोडायची. टाळूला गार लागतं, करून बघा.

आता रेकी, म्हणजे अंगावर नुसते हात टेकवून ऊर्जा देता येते असं मानणारी पद्धत. शब्द जपानी, रे म्हणजे वैश्विक आणि की म्हणजे आपण ज्याला प्राण म्हणतो ते. मिकाओ उसुई नावाचे गृहस्थ होते, १८६५ चा जन्म, ते १९२२ मध्ये क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपास करून ध्यानाला बसले आणि तिथे ही पद्धत गवसली असं रेकीवाले सांगतात. पुढच्याच वर्षी टोकियोकडे मोठा भूकंप झाला, तेव्हा त्यांनी जखमी लोकांवर हात ठेवून सेवा केली असंही सांगतात. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी, नौदलातले डॉक्टर, आणि त्यांच्याकडून शिकल्या हवायो ताकाता, हवाई बेटांवरच्या, ज्या स्वतःच्या दुखण्यावर उपचार घ्यायला जपानला गेल्या आणि १९३७ मध्ये ही विद्या घेऊन घरी परतल्या, तिथून ती जगभर पसरली.

आता ताई आजींच्या गुडघ्यापाशी बसल्यात. आधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले, मग गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना नुसते टेकवले. दाबत नाहीत, चोळत नाहीत, तेल नाही, कपडे तसेच. तीन ते पाच मिनिटं हात तिथेच. आजींचा चेहरा बघा, आधी भुवया आवळलेल्या होत्या, आता खालचा ओठ सुटलाय. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "मले तं झोपच येऊन राहिली होती न वो."

ही ऊर्जा कुठल्या यंत्रावर मोजता आलेली नाही, आणि रेकीनं आजार बरा होतो असं विज्ञानानं सिद्ध केलेलं नाही, हे मी मुद्दाम आणि स्पष्ट सांगतेय. कारण एका ठिकाणी मला थायरॉईडची गोळी बंद करा, रेकी पुरेशी आहे असं सांगितलं होतं, मी ऐकलं, आणि दीड महिन्यात जिना चढायचं त्राण उरलं नाही. कोणी गोळ्या सोडायला सांगितलं तर तिथून उठून या, प्लीज. या ताई पहिल्या दिवशीच विचारतात, औषधं कोणती चालू आहेत, ती चालूच ठेवा.

तरी मी इथे का येते? माझे बाबा गेल्यानंतर कितीतरी महिने माझ्या डोक्यावर कोणी हात ठेवलाच नव्हता, सगळे फोनवर बोलायचे, काळजी घे म्हणायचे. इथे पहिल्यांदा ताईंनी डोळ्यांवर हलकेच तळवे ठेवले आणि मी रडले, कोणी काही विचारलं नाही, हातही काढले नाहीत. त्या रात्री मी सहा तास सलग झोपले.

उसुईंची पाच वचनं आहेत, सगळ्यांची सुरुवात एकच, फक्त आजच्या दिवसापुरतं. आज रागावू नको, आज काळजी करू नको, कृतज्ञ राहा, मन लावून काम कर, सगळ्यांशी मायेनं वाग. जन्मभर नाही हो, फक्त आज, ते जमतं.

आता शवासन. तुम्हीही पडा, पंखा किंवा कूलर चालू राहू द्या, एक हात छातीवर, एक पोटावर. कुठला हात आधी वर येतोय तेवढंच बघा. पुढची दोन मिनिटं मी काही बोलणार नाही, फक्त गच्चीवरचा आवाज येईल.