वास गेला म्हणून वाफ गेली असं नाही

श्रोतेहो, नमस्कार.

1 जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढल्या जातात आणि राहिलेली दुरुस्तीची कामं निघतात. आता बरंचसं काम फायबरचं. बाहेर पाऊस, म्हणून होडीवर ताडपत्री ताणायची, चारही बाजू बंद करायच्या आणि आत बसून काचेच्या धाग्यांची मॅट रेझिनमध्ये भिजवून लावायची. काही जण तर अख्खी नवी होडी अशीच अंगणात उभी करतात. मला आज बोलायचंय ते त्या ताडपत्रीच्या आतल्या हवेबद्दल.

रेझिन म्हणजे सुकल्यावर टणक होणारा चिकट द्रव. फायबरच्या होडीला सहसा पॉलिएस्टर रेझिन लागतं. ते पातळ राहावं म्हणून त्यात स्टायरीन नावाचं रसायन असतं, तेही वजनाने तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. डबा उघडताच नाकात शिरतो तो वास त्याचाच. हवेत जरासं असलं तरी कळतं. पण थोड्या वेळात नाक त्याला सरावतं, वास येईनासा होतो आणि वाटतं, आता हवा बरी झाली. प्रत्यक्षात काम पुढे गेलेलं असतं, ओला थर वाढलेला असतो आणि वाफही वाढलेली असते. त्यातून ही वाफ हवेच्या साडेतीन पट जड. ती होडीच्या तळाशी साचते, नेमकी जिथे आपण ओणवं होऊन रोलर फिरवत असतो. म्हणून ताडपत्री खालूनही उघडी हवी, आणि पंख्याने तळातली हवा बाहेर काढायला हवी.

डोकं जड होणं, मळमळणं, झिंग आल्यासारखं वाटणं, याला दमणूक समजू नका. असं झालं की लगेच बाहेर या. वर्षानुवर्षं ही वाफ घेणाऱ्यांच्या ऐकण्यावर आणि रंग ओळखण्यावर परिणाम झालेला आढळला आहे. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्टायरीनला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातलं.

तोंडाला रुमाल बांधून ही वाफ अडत नाही. एन-95 मास्क ग्राइंडर चालवताना धुळीसाठी चांगला, पण वाफ त्यातून सरळ आत येते. वाफेसाठी ऑरगॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज, म्हणजे अशी वाफ शोषणारी डबी, असलेला रबरी मास्क लागतो. तो चेहऱ्याला घट्ट बसायला हवा, दाढी असली तर बसत नाही. कार्ट्रिजही ठरल्या वेळी बदलावा लागतो.

लाकडी कयाक किंवा छोटी होडी हौसेने बांधणारे एपॉक्सी हे दुसरं रेझिन वापरतात. त्याला वास फारसा नसतो, म्हणून लोक ते उघड्या हातांनी हाताळतात. मला सगळ्यात जास्त काळजी यांचीच वाटते. एपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. मग बोटाला थेंब लागला तरी हात फुलतो, पापण्या सुजतात आणि हौसेचं काम कायमचं सोडावं लागतं. नायट्राइलचे हातमोजे घाला, बरबटले की फेकून द्या. हात थिनरने किंवा अॅसिटोनने धुवू नका. त्याने कातडीचं तेल निघून जातं आणि रेझिन आत शिरायला वाट मिळते. खोबरेल तेल चोळून पुसा, मग साबण लावा. अर्धवट सुकलेल्या एपॉक्सीला पॉलिश पेपर लावू नका. ती धूळ फार वाईट.

आगीचंही सांगतो. स्टायरीनची वाफ 31 अंशांवरच पेट घेऊ शकते, आणि एप्रिल-मेमधली कोकणातली दुपार त्याहून तापलेली असते. तिथे विडी नको, शेगडी नको.

राहिलं हार्डनर. पॉलिएस्टर रेझिन घट्ट करणारा हा पातळ, रंगहीन द्रव म्हणजे पेरॉक्साइड. तो आणि रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते जांभळट कोबाल्ट थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो किंवा स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोटायचं, मगच हार्डनर घालायचं. आणि ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीच भरून ठेवू नका, घरात लहान मुलं असतात.

हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. हातात वेळ काही सेकंदांचाच असतो, म्हणून गॉगल आधी घाला आणि भरलेल्या कळशा होडीशेजारी आणून ठेवा. किमान 15 मिनिटं डोळा उघडा धरून धार सोडायची आहे, तेवढ्याला एक कळशी पुरत नाही. मग थेट डॉक्टरकडे, आणि जाताना बाटलीच्या लेबलचा फोटो मोबाइलवर काढून न्या.