दुसरा डोस

मंडळी, सोलापुरात उभं राहून भारताच्या परदेशातल्या प्रतिमेवर बोलायचं, तर सुरुवात 1938 सालापासूनच करावी लागते. तेव्हा आपल्याला परराष्ट्र खातं नव्हतं, कारण देशच इंग्रजांच्या ताब्यात होता. वकिलाती नव्हत्या, आरमार नव्हतं, दुसऱ्याला मदत करायला स्वतःची तिजोरी नव्हती. जपाननं चीनवर आक्रमण केलं होतं आणि चिनी सेनापती जू द यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली होती. त्या वर्षीचे काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांना आवाहन केलं. वर्गणी जमली, एक रुग्णवाहिका घेतली गेली आणि पाच डॉक्टरांचं पथक मुंबईच्या बंदरातून निघालं. प्रमुख होते डॉ. अटल, स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि पाचवे तुमच्या गावचे द्वारकानाथ कोटणीस. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले, वयाची अठ्ठाविशी अजून गाठायची होती.

कोटणीसांचं चरित्र तुम्हाला मी सांगायला नको. मला त्यातली एकच गोष्ट आज हवी आहे. चोळकर, मुखर्जी आणि पुढे अटलही परत आले, बसू आणि कोटणीस थांबले. वडील गेल्याची बातमी आली तरी कोटणीस परतले नाहीत. ते चिनी भाषा बोलायला-वाचायला शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तिथल्याच परिचारिका शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा. त्यात यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी, ते तिथंच गेले.

पुढे 1962 चं युद्ध झालं. दोन्ही देशांत एकमेकांविषयी किती कडवटपणा साचला, हे त्या पिढीतल्या लोकांनी पाहिलं आहे. तरी शिजियाच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीतली कोटणीसांची समाधी जागच्या जागी राहिली आणि तिच्यावर फुलं पडत राहिली. भारतात आलेले चिनी नेते कोटणीस कुटुंबाला भेटत राहिले. एका माणसाच्या चार वर्षांच्या कामानं हे साधलं. याचा मला अभिमान वाटतो, तसा तुम्हालाही वाटत असणार.

पण अभिमानापाशी थांबलो तर विषय अर्धाच राहील. सप्टेंबर 2014 मध्ये शी जिनपिंग दिल्लीला आले, तेव्हा ते कोटणीसांच्या बहिणीला भेटले. नेमक्या त्याच दिवसांत लडाखमध्ये चुमार इथं चिनी सैनिक आणि आपले जवान समोरासमोर उभे ठाकले होते. कोटणीसांची आठवण चीननं मनापासून जपली, हे खरं. तीच आठवण चीनच्या परराष्ट्र धोरणाच्याही कामी येते, हेही खरं. भारतीय माणसाच्या त्यागाचा आदर करणारा देश, ही प्रतिमा चीन आपल्यासमोर ठेवतो आणि सीमेवर मात्र इंचभर मागे सरत नाही. म्हणून मी म्हणतो, सदिच्छेकडून सीमा हलवण्याची अपेक्षा करू नये. तिचं काम वेगळं आहे. परक्या देशातला सामान्य माणूस आपल्याविषयी काय समजतो, अडचणीच्या वेळी आपल्या शब्दावर किती विसंबतो, हे सदिच्छा ठरवते. आणि ज्याच्या शब्दावर लोक विसंबतात, त्या देशाचं वजन वाढतं.

स्वतंत्र भारतानं हे लवकर ओळखलं होतं. 1950 मध्ये कोरियात युद्ध पेटलं. संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली लढायला सैन्य पाठवा, असं दडपण होतं. नेहरूंनी लढाऊ तुकडी पाठवायला नकार दिला आणि लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली 60 पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे लष्करी वैद्यकीय पथक पाठवलं. कडाक्याच्या थंडीत, माघार घेणाऱ्या फौजांबरोबर, या पथकानं जखमींना सांभाळलं. अलिप्ततावादाला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांना मिळालेलं ते सगळ्यात ठाम उत्तर होतं, असं माझं मत आहे. आम्ही तुमच्या बाजूनं गोळी झाडणार नाही, पण माणूस मरत असेल तर हात बांधून बसणारही नाही, हे धोरण शब्दांत मांडलं असतं तर कुणाला पटलं नसतं. तंबूत चाललेल्या शस्त्रक्रियांनी ते पटवलं. हीच 60 पॅरा तुकडी 2023 च्या फेब्रुवारीत तुर्कीच्या भूकंपानंतर इस्केंदेरुनला पोहोचली आणि तिनं तिथं रुग्णालय उभारलं. काश्मीरच्या प्रश्नावर तुर्की सरकार आपल्या विरोधात बोलत आलं आहे. ते ठाऊक असूनही आपण गेलो, आणि जायलाच हवं होतं.

आता आपल्याहून कितीतरी लहान देशाकडे वळू, कारण या बाबतीत जगाचा गुरू तोच आहे. क्यूबा. लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, अमेरिकेची आर्थिक नाकेबंदी साठ वर्षांहून जास्त काळ. क्रांतीनंतर देशातले जवळजवळ निम्मे डॉक्टर निघून गेले होते. अशा अवस्थेत 1963 मध्ये क्यूबानं पन्नासहून अधिक डॉक्टर-परिचारिकांचं पथक अल्जीरियाला पाठवलं. अल्जीरिया नुकताच स्वतंत्र झाला होता आणि फ्रेंच डॉक्टर मायदेशी परतले होते. योगायोग बघा, चीननंही आपलं पहिलं वैद्यकीय पथक त्याच वर्षी त्याच अल्जीरियात पाठवलं. दोन्ही देशांनी ते काम पुढे अखंड चालू ठेवलं.

क्यूबाचं हे काम जसजसं अभ्यासत गेलो तसतसा मी त्याच्या शिस्तीनं थक्क होत गेलो. ऑक्टोबर 2005 मध्ये पाकिस्तानात भूकंप झाला. क्यूबाचा इस्लामाबादेत दूतावासही नव्हता. तरी दोन हजारांहून अधिक क्यूबन वैद्यकीय कर्मचारी काश्मीरच्या त्या भागातल्या बर्फात महिनोन् महिने राहिले. पुढच्याच वर्षी दूतावास उघडला. 1998 च्या चक्रीवादळांत मध्य अमेरिका उद्ध्वस्त झाली, तेव्हा डॉक्टर पाठवून क्यूबा थांबला नाही. 1999 मध्ये हवानाजवळ त्यानं एक वैद्यकीय विद्यापीठ काढलं आणि गरीब देशांतल्या मुलांना तिथं फुकट शिकवायला घेतलं, म्हणजे आपण परत आल्यावरही त्या गावात डॉक्टर राहील. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला. मोठमोठे देश विमानसेवा बंद करत होते, तेव्हा क्यूबाचे 165 जण सिएरा लिओनला निघाले. मार्च 2020 मध्ये इटलीतल्या क्रेमा शहरात क्यूबन पथक उतरलं, युरोपातल्या श्रीमंत प्रांतात.

याचं फळ काय मिळालं? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 1992 पासून नाकेबंदीविरोधी ठराव येतो आणि क्यूबाच्या बाजूनं प्रचंड बहुमत असतं. 2016 मध्ये तर खुद्द अमेरिकाही तटस्थ राहिली. व्हेनेझुएलाकडून सवलतीत तेल मिळालं आणि त्याच्या बदल्यात क्यूबाचे हजारो डॉक्टर तिथं राबले. मात्र याची किंमत कोण मोजतं, तेही पाहायला हवं. परदेशी सरकार डॉक्टरमागे जे पैसे देतं, त्यातला मोठा हिस्सा क्यूबाचं सरकार ठेवून घेतं. डॉक्टर पळून जाऊ नये म्हणून निर्बंध असतात. 2018 मध्ये ब्राझीलमध्ये बोल्सोनारो निवडून आले, त्यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं आणि क्यूबानं आपले आठ हजारांवर डॉक्टर परत बोलावले. त्यानंतर ज्या दुर्गम गावांत पुन्हा डॉक्टर नाही असं झालं, त्या लोकांचा या भांडणात काही दोष नव्हता. देशाची प्रतिमा उजळवताना आपल्याच माणसांचा हक्क मारला जात असेल, तर ती व्यवस्था मी आदर्श म्हणणार नाही.

भारताची ताकद वेगळी आहे. आपल्याकडे औषधं आहेत. 1970 च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या पदार्थावरचं पेटंट काढून टाकलं आणि आपल्या कंपन्यांना स्वतःच्या पद्धतीनं तेच औषध स्वस्तात बनवता येऊ लागलं. त्यातून पुढे जे घडलं ते आपल्या मुंबईत घडलं. 2001 च्या फेब्रुवारीत सिप्लाचे युसूफ हमीद यांनी एड्सवरची तीन औषधांची उपचारमात्रा एका रुग्णाला वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली. तोवर त्याच उपचाराला दहा हजार डॉलरहून जास्त खर्च येत होता आणि आफ्रिकेत लोक औषध असूनही मरत होते. त्या प्रस्तावानं जगभरातल्या किमती कोसळल्या. आज आफ्रिकेत भारताविषयी जी आपुलकी आहे, तिच्यात या एका निर्णयाचा वाटा कुठल्याही शिखर परिषदेपेक्षा मोठा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि आता 2021. त्या वर्षाविषयी आपण फार कमी बोललो आहोत. 20 जानेवारीला व्हॅक्सिन मैत्री, म्हणजे परदेशांना कोरोनाची लस देण्याची भारताची मोहीम, सुरू झाली. पुण्याच्या सीरमची कोविशिल्ड पहिल्याच दिवशी भूतान आणि मालदीवला गेली. भूतानला दीड लाख डोस, पुढे आणखी चार लाख. भूताननं घाई केली नाही, शुभ दिवस पाहिला आणि 27 मार्चला मोहीम सुरू केली. दोन आठवड्यांत तिथल्या लसपात्र प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना पहिला डोस मिळाला. डोंगराळ देशात, पायी चालत जाऊन, पुण्याजवळच्या मांजरी गावात बनलेली लस टोचली गेली. साऱ्या जगानं त्याची दखल घेतली.

मग दुसऱ्या डोसची वेळ आली आणि आपल्याकडे लस नव्हती. दुसरी लाट उसळली होती, आपलीच माणसं ऑक्सिजनअभावी तडफडत होती, निर्यात थांबली. अखेर जुलैमध्ये अमेरिकेची पाच लाख मॉडर्ना लस भूतानला पोहोचली, डेन्मार्कनं मदत केली, काही डोस चीनकडूनही आले. नेपाळनं वीस लाख डोसचे पैसे भरले होते, हाती आले दहा लाख, आणि पहिला डोस घेतलेले तिथले वृद्ध ताटकळले. बांगलादेशनं तीन कोटींचा करार केला होता, थांबण्याआधी सत्तर लाखच मिळाले. ढाक्यानं चिनी सिनोफार्मकडे वळायचं ठरवलं, त्यात त्यांची काही चूक नव्हती. जगभर लस वाटण्यासाठी काढलेल्या कोव्हॅक्स योजनेची मोठी भिस्त सीरमवर होती, त्यामुळे आफ्रिकेतल्या देशांची तीच गत झाली.

त्या एप्रिल-मेमध्ये निर्यात थांबवण्याला मी चूक म्हणणार नाही. कुठल्याही सरकारनं तेच केलं असतं. चूक आधीची होती. अमेरिकेनं 2020 मध्येच लस बनवणाऱ्यांना अब्जावधी डॉलर आगाऊ देऊन कारखाने वाढवले. आपण जानेवारी 2021 मध्ये कोविशिल्डची पहिली ऑर्डर दिली ती 1 कोटी 10 लाख डोसची, आणि उत्पादन वाढवायला सीरमला तीन हजार कोटींची आगाऊ रक्कम मंजूर झाली ती एप्रिलमध्ये, लाट डोक्यावर आल्यावर. पहिल्या डोसच्या वेळी विमानतळांवर फोटो निघाले, खोक्यांवर आपला झेंडा होता. दुसऱ्या डोसचं गणित मात्र कुणी मांडलंच नव्हतं. थिंफूतला किंवा काठमांडूतला माणूस आज भारताची आठवण काढतो तेव्हा त्याला दोन्ही आठवतात, आणि दोन्ही खरी आहेत. शेतकऱ्याला पहिलं पाणी देऊन दुसरी पाळी चुकवली की पीक हातचं जातं, हे सोलापूर जिल्ह्यात मी समजावून सांगायला नको.

याहूनही जास्त काळजी मला दुसऱ्या गोष्टीची वाटते. 5 ऑक्टोबर 2022 रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं गांबियातल्या बालमृत्यूंबद्दल इशारा दिला. भारतात बनलेल्या खोकल्याच्या चार औषधांत डायएथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल सापडलं होतं. ही विषारी रसायनं मुलांची मूत्रपिंडं निकामी करतात. साठहून अधिक मुलं गेली. काही महिन्यांत उझबेकिस्तानातून तशीच बातमी आली. गांबियाकडे औषध तपासायला पुरेशी प्रयोगशाळा नव्हती, त्या आयांनी बाटलीवरच्या भारताच्या नावावर विश्वास ठेवला होता. हमीदांच्या प्रस्तावानं जो विश्वास कमावला, तोच या बाटल्यांनी खर्च केला.

सरकारनं 1 जून 2023 पासून नियम केला की निर्यातीच्या खोकल्याच्या औषधाचा नमुना आधी सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासला जाईल. नियम योग्य होता, पण तो निर्यातीपुरता होता. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात तशाच विषारी औषधानं वीसहून अधिक मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. ज्या रसायनाची तपासणी परदेशी जाणाऱ्या बाटलीसाठी सक्तीची होती, तेच रसायन छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाच्या मुलांपर्यंत पोहोचलं.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे आणि ती मी परराष्ट्र खात्याकडे नाही, आरोग्य खात्याकडे करतो. प्रत्येक राज्यात पुरेसे औषध निरीक्षक नेमा. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खोकल्याच्या औषधाच्या प्रत्येक बॅचला निर्यातीइतकीच कडक तपासणी लावा आणि तिचा निकाल कुणालाही पाहता येईल असा जाहीर करा. लशींचे कारखाने पुढची साथ येण्याआधीच, देशाची गरज आणि परदेशाला दिलेला शब्द या दोन्हींचा हिशेब धरून, पैसे देऊन तयार ठेवा. आणि ज्या देशाला पहिला डोस द्याल, त्याच्या दुसऱ्या डोसची तारीख त्याच दिवशी लेखी द्या.