लॉख लेव्हन: राणीला कोंडणारा जलदुर्ग

नमस्कार मंडळी! माझ्या मागे दिसतोय तो स्कॉटलंडमधला लॉख लेव्हन कॅसल. किनरॉस गावाजवळच्या तळ्यात, छोट्याशा बेटावर उभा असलेला जलदुर्ग.

जून १५६७. स्कॉटलंडची राणी मेरी हिला तिच्याच सरदारांनी इथे आणून कोंडलं. वय अवघं २४. पोटात जुळं होतं, ते इथेच गेलं. ती अंथरुणातून उठलीही नव्हती, तोच २४ जुलैला तिच्याकडून गादी सोडल्याच्या कागदांवर सह्या करून घेतल्या आणि तिच्या तेरा महिन्यांच्या मुलाला, जेम्सला, राजा केलं. इतकी वर्षं लोटली, तरी हे वाचताना माझा जीव तुटतो.

आता हा चौकोनी बुरूज बघा. चौदाव्या शतकातला, पाच मजली. याचा मूळ दरवाजा खाली नाहीच, पार दोन मजल्यांच्या वर आहे! पण खरा पहारा होता पाण्याचा. तटाबाहेर हे गवत, ही झाडं दिसतात ना? ही जमीन तेव्हा नव्हती. एकोणिसाव्या शतकात तळ्याची पातळी उतरवली आणि बेट मोठं झालं. मेरीच्या वेळी पाणी जवळजवळ तटाला भिडलेलं असायचं.

तरीही ती निसटली. आधी धोबिणीच्या वेषात होडीत बसली, पण नावाड्याने तिचे नाजूक हात ओळखले आणि तिला परत आणून सोडलं. मग २ मे १५६८. विली डग्लस नावाच्या, वाड्यातच वाढलेल्या पोराने जेवणाच्या वेळी किल्ल्या लांबवल्या, राणीला बाहेर काढलं, दरवाजाला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ल्या पाण्यात फेकल्या. बाकीच्या होड्या त्याने आधीच निकामी केल्या होत्या. काय धाडस!

सुटका फार टिकली नाही. ११ दिवसांत लँगसाइडच्या लढाईत हार, मग आसऱ्यासाठी इंग्लंडला पळाली तर तिथे जवळपास १९ वर्षं कैद आणि १५८७मध्ये शिरच्छेद.

इथे यायचं तर एडिंबरापासून गाडीने तासाभराच्या आत किनरॉस येतं. धक्क्यावरून छोटी होडी सुटते, दहाएक मिनिटांत बेटावर. हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. होडीत जागा मोजक्या, म्हणून तिकीट ऑनलाइन आधीच काढा. वारा जोराचा असला की फेऱ्या रद्द होतात. उतरलात की आग्नेय कोपऱ्यातला गोल बुरूज चुकवू नका. मेरीला काही काळ तिथे ठेवलं होतं असं मानतात.