आजचा आकडा आजचा नसतो

श्रोतेहो, नमस्कार.

साथ जोरात असली की रोज संध्याकाळी एक आकडा जाहीर होतो. आज इतके नवे रुग्ण. आकडा वाढला की पोटात गोळा येतो, घटला की हायसं वाटतं. पण तो आकडा असतो कधीचा?

समजा, एखाद्याला सोमवारी संसर्ग झाला. शुक्रवारी घसा खवखवायला लागला. शनिवार-रविवार ‘साधी सर्दी असेल’ म्हणून अंगावर काढला. सोमवारी नमुना दिला, मंगळवारी रात्री प्रयोगशाळेने अहवाल दिला, बुधवारी आरोग्य कार्यालयात नोंद चढली. म्हणजे बुधवारी संध्याकाळी जो ‘नवा रुग्ण’ मोजला गेला, त्याचा संसर्ग नऊ दिवसांचा जुना आहे. साथीवर नजर ठेवणाऱ्या स्थानिक पथकाची निम्मी मेहनत हा उशीर ओळखण्यात आणि तो हिशेबात धरण्यात जाते.

म्हणून एका रुग्णाच्या तीन तारखा वेगवेगळ्या लिहाव्या लागतात : लक्षणं सुरू झाल्याची, नमुना घेतल्याची आणि नोंद झाल्याची. नोंदीच्या तारखेवर काढलेला आलेख साथीपेक्षा कार्यालयाचं कामकाजच जास्त दाखवतो. रविवारी तो खाली बसतो, सोमवार-मंगळवारी उसळतो. विषाणूला साप्ताहिक सुट्टी नसते, नोंदी चढवणाऱ्यांना असते. त्यावरचा सोपा उपाय म्हणजे सात दिवसांची सरासरी. पाचची नाही आणि दहाचीही नाही, सातचीच. कारण कुठलेही सलग सात दिवस घेतले तरी त्यात प्रत्येक वार एकदाच येतो. सणाची जोडून सुट्टी आली की मात्र ही सरासरीही फसते. आधी खोटा उतार दिसतो, मग खोटी चढण.

लक्षणांच्या तारखेवर काढलेला आलेख साथीचं खरं रूप दाखवतो, पण त्यात एक चकवा आहे आणि भलेभले त्यात सापडतात. त्या आलेखाचं उजवं टोक नेहमी खाली झुकलेलं असतं. समजा, रोज नेमके १०० जण आजारी पडताहेत, ना वाढ ना घट. आज फाईल उघडली, तर काल आजारी पडलेल्यांपैकी १० जणांचीच नोंद झालेली असेल, परवाच्यांपैकी ३०, त्याआधीच्या दिवसाच्या ५५, त्याहून आधीच्या ७५. बाकीचे अजून घरी आहेत, रांगेत आहेत किंवा प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये आहेत. साथ जागची हललेली नाही, आलेख मात्र घसरगुंडीसारखा दिसतो. मग कुणीतरी उत्साहाने ‘लाट ओसरली’ असं सांगून मोकळं होतं.

यावर दोन गोष्टी करता येतात. शेवटच्या आठवडाभराचे स्तंभ राखाडी रंगात दाखवावेत, म्हणजे ते अपुरे आहेत हे बघणाऱ्याला कळतं. आणि कालच्या फाईलवर आजची फाईल चढवू नये, रोजची प्रत तारखेसकट वेगळी ठेवावी. महिनाभराच्या प्रती शेजारी ठेवल्या की दुसऱ्या दिवसापर्यंत साधारण किती टक्के नोंदी येतात हे हाती लागतं. ते ३० टक्के असेल आणि परवाच्या तारखेला ३६ रुग्ण दिसत असतील, तर खरा आकडा १२०च्या आसपास निघतो. कालच्या दिवसाच्या मात्र वाटेला जाऊ नये. तिथे जेमतेम १० टक्के नोंदी असतात, म्हणजे एका रुग्णाची चूक दहापट होऊन उतरते. प्रयोगशाळेत नमुने तुंबले, तर ही टक्केवारीच बदलते आणि जुन्या टक्केवारीवर काढलेला अंदाज कोसळतो. म्हणून नमुना घेतल्यापासून अहवाल येईपर्यंत किती तास लागले, ही नोंदसुद्धा रोज ठेवायची.

आता चाचण्या. एका आठवड्यात १,००० चाचण्या झाल्या, ८० जण बाधित निघाले. पुढच्या आठवड्यात ५०० चाचण्या, बाधित ६०. रुग्ण पाव हिश्शाने घटले म्हणून कुणी पेढे वाटेल, पण बाधितांचं प्रमाण ८ टक्क्यांवरून १२वर गेलंय. कोविडच्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२०मध्ये, हे प्रमाण किमान दोन आठवडे ५ टक्क्यांच्या खाली राहणं, ही साथ आटोक्यात असल्याची एक खूण मानली होती. एक खूण, एकमेव नव्हे. घरी किटवर चाचणी करणारे बाधित निघाले तर कळवतात, नाही निघाले तर किट कचऱ्यात टाकतात. ते आकडे यात मिसळले की प्रमाण फुगतं. एकाच रुग्णाची तीनदा चाचणी झाली आणि तिन्ही मोजल्या, तर आणखी घोळ. माणसं मोजायची की चाचण्या, हे आधी ठरवावं आणि साथ संपेपर्यंत बदलू नये.

कधी कधी घात अगदी क्षुल्लक ठिकाणी होतो. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून गळाले. प्रयोगशाळांच्या याद्या एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये ओतल्या जात होत्या, आणि त्या फाईलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. रुग्णांना आपापले अहवाल मिळाले होते, पण त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध लांबला. प्रयोगशाळेने किती ओळी पाठवल्या आणि आपल्याकडे किती उतरल्या, हा ताळा रोज जुळवणं दोन मिनिटांचं काम आहे.

लोक चाचणीलाच येईनासे झाले तर? तेव्हा सांडपाणी कामाला येतं. बाधित माणसाच्या विष्ठेतून विषाणूचे जनुकीय अंश बाहेर पडतात, मग तो डॉक्टरकडे जावो न जावो. पहाटे एकदा बाटली बुडवून घेतलेला नमुना बेभरवशाचा असतो. चोवीस तास थोडं थोडं पाणी गोळा करून ते एकत्र करतात, ४ अंश सेल्सिअसला थंड ठेवतात आणि आठवड्यातून किमान दोनदा तपासतात. पाऊस पडला की पाणी पातळ होतं, मग विषाणू घटला की पाणी वाढलं हे कळायचं कसं? त्यासाठी मिरचीवर पडणाऱ्या एका विषाणूची मदत घेतात. तो खाण्यातून आपल्या पोटात जातो, काही न करता बाहेर पडतो आणि सांडपाण्यात बारमाही भरपूर सापडतो. तो निम्मा झाला, तर पाणी दुप्पट पातळ झालं असं समजावं आणि रोगाच्या विषाणूचा आकडा त्या मापाने सुधारून घ्यावा. यातून रुग्ण किती हे कळत नाही, चढ आहे की उतार एवढंच कळतं. तेवढंही पुष्कळ असतं. लंडनच्या सांडपाण्यात २०२२ साली पोलिओचा विषाणू सापडला, तेव्हा शहरात पोलिओने लुळा पडलेला एकही रुग्ण आढळला नव्हता. तरी १ ते ९ वर्षांच्या मुलांना लशीची जादा मात्रा द्यायचं ठरलं.

रुग्णालयांकडून भरलेल्या खाटांऐवजी रोज नव्याने दाखल झालेल्यांचा आकडा मागावा. खाटा रिकाम्या व्हायला वेळ लागतो, त्यामुळे लाट उतरू लागल्यावरही त्या काही दिवस भरलेल्याच दिसतात. आणि पाच हजार वस्तीच्या प्रभागात दोनाचे चार रुग्ण झाले, तर त्याला ‘दुप्पट’ म्हणू नये. दोन-तीन आठवडे किंवा शेजारचे प्रभाग एकत्र करून बघावं.

श्रोतेहो, चाचणीच्या अर्जावर ‘लक्षणं सुरू झाल्याची तारीख’ असा एक रकाना असतो. तो घाईत रिकामा राहिला, तर काही प्रणाली तिथे परस्पर त्या दिवसाचीच तारीख भरतात आणि चार दिवसांपूर्वी आजारी पडलेला माणूस आज आजारी पडल्यासारखा दिसतो. नमुना द्यायला जाल तेव्हा ती तारीख आठवून सांगा. नाहीच आठवली, तर ‘माहीत नाही’ असंच लिहायला सांगा.

नमस्कार.