७९ पैकी ७७

(दृश्य: पावसात भिजलेलं व्हँकुव्हर. छत्र्या, ट्रॉलीबस.)

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत. १९९६ साली इथे लिबरल पक्षाला जवळजवळ ४२ टक्के मतं पडली, न्यू डेमोक्रॅटिक पार्टीला, म्हणजे एनडीपीला, साडेएकोणचाळीस. सरकार मात्र आलं एनडीपीचं, कारण ७५ पैकी ३९ जागा त्यांच्या होत्या. २००१ मध्ये वारं फिरलं आणि लिबरलांनी ७९ पैकी ७७ जागा घेतल्या. मतं किती? ५७.६ टक्के. विरोधी बाकांवर उरल्या दोघीच, जॉय मॅकफेल आणि जेनी क्वान.

नवे प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, गॉर्डन कॅम्पबेल हे १९९६ चे पराभूत नेते. मतदारसंघात ज्याला सर्वात जास्त मतं तोच विजयी, या पद्धतीने आता त्यांना भरभरून दिलं होतं, तरी ती तपासण्याचा शब्द त्यांनी पाळला. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

(दृश्य: गोलाकार सभागृह, रिकाम्या खुर्च्या.)

काम सोपवलं साध्या मतदारांवर. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक मतदारसंघातून एक बाई, एक पुरुष, शिवाय मूळ रहिवासी समाजातले दोघं. एकूण १६० जण. २००४ चे कितीतरी शनिवार-रविवार ही माणसं व्हँकुव्हरला येऊन जगभरच्या निवडणूक पद्धती शिकली. मग प्रांतभर ५० जाहीर सुनावण्या. ऑक्टोबरमध्ये कौल झाला: १४६ विरुद्ध ७. त्यांनी निवडलं एकल संक्रमणीय मत.

नाव जड आहे, पण पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना ते परकं वाटणार नाही. केंद्रावर जांभळं पेन हातात देतात, आपण नावापुढे १ लिहितो, मग २, मग ३. तसंच हे. फक्त एका मोठ्या मतदारसंघातून दोन ते सात आमदार निवडायचे. कोट्याहून, म्हणजे निवडून यायला लागणाऱ्या मतांहून, जास्त पडलेली मतं पुढच्या पसंतीला जातात, बाद झालेल्या तळाच्या उमेदवाराचीही जातात.

१७ मे २००५. सार्वमत. सरकारची अट दुहेरी: एकूण ६० टक्के मतं हवीत, आणि ६० टक्के मतदारसंघांत बहुमत. 'हो' म्हणणारे निघाले ५७.६९ टक्के. बहुमत मिळालं ७९ पैकी ७७ मतदारसंघांत.

आकडे पुन्हा ऐका. तेवढ्याच टक्क्यांवर चार वर्षांपूर्वी एका पक्षाला अख्खी विधानसभा मिळाली होती. लोकांच्या प्रस्तावाला मात्र ते कमी पडले. मला हे आजही पटत नाही.

(दृश्य: टपालपेटीत पडणारं पाकीट.)

२००९ ला पुन्हा विचारलं, पाठिंबा ३९ टक्क्यांवर घसरला. २०१८ मध्ये टपालाने सार्वमत झालं, तेव्हा चिठ्ठीने निवडलेली सभा नव्हती. ६१ टक्क्यांनी जुनीच पद्धत ठेवली.

२०२४ ची निवडणूक त्याच पद्धतीने झाली. ९३ जागा, बहुमताला ४७ हव्या. एनडीपीची ४७ वी जागा सरी-गिल्डफर्डमधून आली. फेरमोजणीनंतरचं मताधिक्य होतं २२.