तासाभराच्या प्रथा

नमस्कार श्रोतेहो. गणपती, दहीहंडी, नवरात्र यांची मुंबईत वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. सोसायटीच्या फळ्यावर कागद लागतो, वर्गणीला मुलं दारात उभी राहतात आणि आपण ओढले जातोच. आज बोलायचंय ते ज्यांना मंडळ नाही, वर्गणी नाही, अशा घरातल्या प्रथांबद्दल. त्या या वर्षी राहून गेल्या तर शेजाऱ्यांनाही कळणार नाही.

रोज लोकलला लटकून घरी येणाऱ्याला चार दिवस आधीपासून तयारीला लागा म्हणणं ही थट्टाच. म्हणून प्रथा निवडताना मी दोनच गोष्टी बघते. तासा-दीड तासात उरकते का? आणि सगळी दगदग घरातल्या एकाच बाईच्या अंगावर पडत नाही ना?

माझी सगळ्यात आवडती प्रथा ओहोटीची. पावसाळा सरला की महिन्यातून एकदा सगळ्यांनी ओहोटीला किनाऱ्यावर जायचं. वेळ काढायचा हिशेब आपल्या किनारपट्टीवर जुना आहे: भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. घड्याळाइतकं काटेकोर नाही, पण घरातून निघायला पुरतं. शाळेतल्या मुलांना हे गणित फार आवडतं, आणि पाऊणकीचा पाढा पाठ असलेले आजोबा घरात असतील तर त्यांचा भाव एकदम वधारतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त मागे हटतं, तेव्हा संध्याकाळी पाच-साडेपाचला वांद्र्याच्या बँडस्टँडला किंवा हाजीअलीच्या खडकांपाशी जा. खळग्यांत साचलेल्या पाण्यात खेकडे दिसतात, गोगलगायी दिसतात, रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला एखादा खेकडाही भेटतो. बघायचं आणि तिथंच ठेवायचं. शेवाळावरून पाय सटकतो, तेव्हा चपला पकडीच्या हव्यात, आणि पाणी वळायला लागलं की मुलांनी कितीही हट्ट केला तरी मागे फिरायचं.

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत लहानग्यांचं बोरन्हाण असतं. हल्ली त्याला हॉल, मागे फुलांचा पडदा आणि फोटोवाला लागतो. मला विचाराल तर यातलं काही नको. एक चादर, मजल्यावरची चार-सहा पोरं, बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, थोडा हलवा. डोक्यावरून ओतलं की पोरं झडप घालतात. चादर झटकली की कार्यक्रम संपला.

चैत्रात कैरीचं पन्हं. कैऱ्या उकडणं मोठ्यांकडे, गर कुस्करणं मुलांकडे. पहिल्या पावसाच्या भज्यांची आठवण मी करून द्यायला नको. कोजागरीला गच्चीची किल्ली आदल्या दिवशीच सेक्रेटरींकडून मागून ठेवा, नाहीतर आटवलेलं दूध हॉलमध्ये पंख्याखाली प्यावं लागतं.

दिवाळीचा कंदील मात्र एका वर्षाआड तरी घरी करावा. माहीमच्या कंदील गल्लीत एकाहून एक सुंदर कंदील मिळतात, तिथून आणण्यात कमीपणा काहीच नाही. पण बांबूच्या काड्या बांधणं, मैद्याची खळ शिजवणं, झिरमिळ्या कातरणं यात घरातल्या प्रत्येकाला काम मिळतं. तो वाकडा झाला तरी खिडकीत लावायचा. याला तासाहून जास्त लागतो, हे कबूल.

आणि दिवाळी अंक. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाशेजारी वाचायलाही काहीतरी असतं. सगळे विकत घेणं परवडत नाही. पुष्कळ वाचनालयं ठरावीक रक्कम घेऊन अंक आळीपाळीने वाचायला देतात. भाऊबीजेला जेवणं झाली की एकाने त्यातलं काहीतरी मोठ्याने वाचायचं. निवड घरातल्या सगळ्यात लहान वाचणाऱ्याची. त्याने विनोदी चुटकेच निवडले, तर आजोबांनी निमूट ऐकायचे. पुढच्या वर्षी पाळी त्यांची.