शूटिंगवाले गेल्यावर

(दृश्य : यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. सकाळ. अंगणात पऱ्हाटीचा ढीग.)

सीतादही, म्हणजे कापूस वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन वेचणी लागली होती, तेव्हा या घरी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचे शूटिंगवाले आले. आतली खोली कापसाने भरलेली. त्यांनी कूलर फ्रेमबाहेर सरकवला, प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारी नेऊन ठेवल्या. बारा वर्षांच्या लेकीला उंबऱ्यावर बसवलं आणि तिच्या मायला म्हणाले, नवरा गेला तो दिवस सांगा. तिनं सांगितलं. आवाज नीट आला नाही म्हणाले. तिनं परत सांगितलं. मग आणखी एकदा.

पोरगी तर गाणं म्हणायला गेली होती. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळात खंजिरीच्या ठेक्यावर तयार झालेला गळा. चौथ्या भागात ती बाहेर पडली. टीव्हीवर गाण्यापेक्षा तिचं रडणंच जास्त दिसलं.

(दृश्य : शाळेची वाट.)

"रडून दाखव ना वं, टीव्हीवर त लय रडत होती!" पोट्टे महिनाभर हेच म्हणत होते. शहरातलं मूल वाट बदलून जाईल. इथे शाळेची वाट एकच, आणि ती चौकातून जाते.

चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी आपल्याकडे २०१७ पासून नियम आहेत. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि कमाईतले किमान वीस टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. चांगले नियम आहेत, पाळलेच पाहिजेत. पण तास घड्याळात मोजता येतात. मायनं तो दिवस तीनदा सांगितला, तो कशात मोजायचा?

ब्रिटनमध्ये २०१९ साली एका टीव्ही कार्यक्रमात भाग घेतलेल्या माणसाचा मृत्यू झाला आणि तो कार्यक्रम कायमचा बंद झाला. पुढे तिथल्या 'ऑफकॉम' या नियामक संस्थेने ५ एप्रिल २०२१ पासून नियम लागू केला : भाग घेतल्यामुळे ज्याला गंभीर इजा होण्याचा धोका आहे, त्याची काळजी वाहिनीने घ्यायची, मनाची इजाही त्यात आली. आणि धोका काय, तो टाळायला आम्ही काय करणार, हे त्याला आधी सांगायचं.

आधी सांगायचं. या मायला इंग्रजी करार मिळाला. तो तिनं सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवलाय. मराठीत कुणीतरी समोर बसून वाचून दाखवायला हवा होता. "हा प्रश्न नको" म्हणायचा हक्क आहे, हे सांगायला हवं होतं. भाग दाखवल्यानंतर एक फोन यायला हवा होता. आला नाही.

आमच्या या फिल्ममध्ये आम्ही दोघींचे चेहरे दाखवत नाही आहोत. आमचं चित्रण मायला आधी दाखवलं. तिनं नको म्हटलं ते काढलं. असं मन जड झालं तर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीत बोलता येतं, फुकट. तो नंबर तिनं लेकीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला.

(दृश्य : संध्याकाळ. सामुदायिक प्रार्थना.)

पोरगी आता मागच्या ओळीत बसते. टाळी धरते. गात नाही अजून.